हन्नाआत्या, तुझी एस्तेर देवळ्याला पोचली

प्रिय हन्नाआत्या,

शालोम! तू गेल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणत होते. पण काय लिहिणार? लिफ्ट पुन्हा बंद पडली, कोथिंबीर महागली, हे वाचायला तिथं कुणाला वेळ असतो! काल मात्र एक बातमी कळली, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आधी शेवट सांगू? नको. तुला क्रमानं ऐकायला आवडतं. तर ऐक.

काल आपला होळीचा सण झाला. भाऊ इस्राएलहून फोनवर ‘पुरीम’ म्हणतो, पण तो होळीच्याच सुमारास येतो, म्हणून तुझ्या तोंडी कायम होळीचा सणच. पुरणपोळ्या केल्या, सोबत नारळाचं दूध काढलं. तुझ्या पोळ्या कशा पातळ! माझ्या तव्यावरच फाटल्या. हसू नकोस गं.

कीर्तन यंदा करायचं नाही, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. करणार कोण? नाशिक रोडला आपली मोजकी घरं, त्यातलीही माणसं एकेक करून इस्राएलला मुलांकडे गेलेली. एस्तेर राणीचं आख्यान इतकी वर्षं तू एकटीनं लावलंस, आणि त्यातली एक ओळ लिहून ठेवली नाहीस! का गं? मी विचारलं की म्हणायचीस, "लिहिलं की लोक वाचतात, ऐकत नाहीत." मी गायला लागले की माझ्या आवाजाला पिठाची गिरणी म्हणायचीस, ते वेगळंच.

दुपारी बेल वाजली. दारात सोनवणे काका, पेटीसकट! नोटांच्या प्रेसमधून रिटायर होऊन केवढी वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, पण पेटीला अजून दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत.

"काका, यंदा कीर्तन नाहीये. मी ग्रुपवर टाकलं होतं की."

"मी ग्रुप बघत नाही." आत आले, पेटी टेकवली, पाणी प्यायले. "सोसायटीचा हॉल उघडलाय. सतरंज्या पडल्यात. पोरं ताटल्या घेऊन बसलीत. आता तूच जाऊन त्यांना सांग, नाहीये म्हणून."

मी सांगायलाच गेले होते गं, खरंच! हॉल गच्च भरलेला. मुलांच्या हातात ताटल्या, चमचे, आणि परवाच्या सोसायटीच्या होळीतले डफसुद्धा. मी पुढे उभी राहून "नमस्कार, यंदा..." एवढं म्हणते तोच काकांनी सूर धरला. तुझा सूर, आत्या. तू जिथून उचलायचीस तो. आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं,

"ऐका हो सज्जन, एस्तेरची कहाणी,
पोरकी ती पोर, झाली पट्टराणी!"

पीठ पडलं, पण पडलं एकदाचं.

मग तुझ्यासारखंच सगळं सांगितलं. आम्ही ज्यू, जैन नव्हे आणि ख्रिस्तीही नव्हे. फार फार पूर्वी आमच्या लोकांचं जहाज कोकणच्या किनाऱ्याला फुटलं. जे वाचले ते तिथंच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. तेव्हापासून आम्ही भांडतोही मराठीतच. या वाक्याला तुला हशा मिळायचा ना? मलाही मिळाला! मग माझी भीड चेपली.

एस्तेर आली, राजवाड्यात गेली. आपण कुठल्या लोकांतले हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तो दुष्ट प्रधान हामान आला, आणि त्याचं नाव बुडवायला ताटल्यांनी हॉल दणाणला. सगळ्या ज्यूंना मारून टाकायचा हुकूम सुटला. तू पोरांना कशी फसवायचीस? ‘हा मान कोणाला द्यावा?’ असं राजा विचारतो तिथं मुद्दाम थांबायचीस आणि ती वेडी ताटल्या बडवायची! पुढे तीही खोडी मी केली. वॉचमन धावत आला, काय झालं बघायला.

पण त्याआधी मी अडकले, आत्या. एस्तेरनं राजाकडे जायचं ठरवलं तिथं. न बोलावता दरबारात पाऊल टाकलं तर मरण, असा कायदा. मर्दखय, तिला लहानाची मोठी करणारा चुलतभाऊ, निरोप पाठवतो की तुझ्याशिवाय आपल्या लोकांना कोण वाचवणार? त्यावर ती काय म्हणते? डोकं कोरं झालं. काकांनी तीच ओळ पुन्हा वाजवली, परत वाजवली. मला वाटलं, संपलं, इथंच हात जोडावेत.

तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली एक बाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि ठणकावून म्हणाली, "मेले तर मेले, पण जाणार!"

अगं, हीच ओळ! बाकीच्या बायकाही म्हणायला लागल्या, "मेले तर मेले, पण जाणार!" मीही म्हणाले, काकांनी भाता जोरात मारला, आणि मग हामानाला फाशी होईपर्यंत मी कुठेच अडले नाही. शेवटी टाळ्या पडल्या. तुझ्याइतक्या नव्हेत, पण पडल्या.

आता खरी बातमी.

ती बाई म्हणजे शेजारच्या सुवर्णाची आई, मंदाताई. देवळ्याला असतात, कांद्याची शेती. लेकीकडे होळीला दरवर्षी येतात, तू त्यांना कितीदा पोळी दिली असशील. पोळी खाता खाता मी त्यांना म्हटलं, "तुम्ही वाचवलंत बाई. तुम्हाला कसं आठवलं?"

"आठवायचं काय त्यात? ते माझंच हाय." मग घास खाली ठेवून सांगायला लागल्या. "सुवर्णाचे वडील गेले. दीर म्हणले, बाईमाणसाचं रानात काय काम, लेकीकडं जाऊन राहा. मी आपली इथं आले, रडत बसायची. होळीला तुमच्या आत्याचं कीर्तन झालं. ती राणी म्हणली ना, मेले तर मेले, पण जाणार? रातभर तेच डोक्यात. सकाळी पहिल्या गाडीनं देवळ्याला गेले आणि रानात जाऊन उभी राहिले. लय भांडणं झाली. पण हटले नाय. आज माझा वाटा माझ्या नावावर हाय, कांदा मी लावते, मीच विकते."

"आत्याला सांगितलंत का कधी?"

"नाय ओ. एवढ्या शिकलेल्या बाई त्या, मी काय बोलणार! लाज वाटायची."

ऐकलंस, आत्या? कीर्तन झालं की तू गरम पाण्यात पाय सोडून कुरकुरायचीस, "कुणी ऐकत नाही गं रिबू, सगळ्यांचं लक्ष ताटल्यांत." मीही ‘हो’ म्हणायची. आणि तिकडे देवळ्यात एक बाई तुझ्या राणीचं बोट धरून आपल्या रानात उभी होती! हे तुला जिवंतपणी कळायला हवं होतं. ते कळलं नाही, एवढीच एक हुरहूर काल पोळीबरोबर गिळली. बाकी काल मी फार दिवसांनी पोट धरून हसले.

मंदाताईंनी निघताना माझा हात धरला. "आमच्याकडं या. आमच्या बायांना ऐकवा. कांदा काढून साठवणीच्या चाळीत पडला की सगळ्या मोकळ्याच."

"माझा शब्बाथ असतो, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत काम चालत नाही," मी म्हटलं.

"मग शुक्रवारीच या की! शनवारभर नुसत्या बसा. मी करते सगळं."

तर मी तुला शब्द देते, आत्या. कांदा चाळीत पडला की पहिल्याच शुक्रवारी दिवस मावळायच्या आत देवळ्याला पोचेन. शब्बाथचे दिवे मंदाताईंच्या घरात लावीन आणि ‘शब्बाथ शालोम’ त्यांनाच म्हणेन. शनिवारी दिवसभर पेटीला हात लावायचा नाही, हे सोबत येणाऱ्या सोनवणे काकांनाही बजावलंय. आणि संध्याकाळी अंगणातून आभाळात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, की पदर खोचून कीर्तनाला उभी राहीन.

तुझी लाडकी,
रिबू