उकडतंय, दार उघड

ताई,
तुला नमस्कार, भाचीला पापी. मी मजेत आहे. हसताना बरगड्या आता दुखत नाहीत.

इथल्या सलूनमध्ये काम मिळालंय. काल तोंडाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक इथल्या सरकारला मोठमोठ्याने शिव्या घालायला लागलं. मी धावत जाऊन दार लावलं. विरोधी पक्षाच्या एका पोस्टरपायी तिकडे सत्ताधारी पक्षाच्या पोरांनी आपलं दुकान फोडून मला तुडवलं, तेच डोळ्यांपुढे आलं. मालक म्हणाला, "अरे, उकडतंय, उघड ते. हा पोलीस आहे, रोज असाच बोलतो." सगळे हसले, मीही हसलो.

धाकट्याला पोलिसांनी सोडलं का गं?

आईला पत्र मोठ्याने वाचून दाखव, तिला कमी ऐकू येतं. आधी खिडक्या तेवढ्या लावून घे.

तुझा मधला