बिनफुलांचं टेबल

रविवार, १२ जानेवारी १९७५. सकाळी ६.
पुढच्या रविवारी वैरागचे पाहुणे रुद्राणीला बघायला येणार. मध्यस्थ कुंडलिकरावांचं कार्ड आलंय: मुलाच्या वडिलांना फुलं चालत नाहीत, शिंका सुरू होतात. नीलम्मा म्हणाली, बरं झालं, एक काम कमी. बायकोला कलेतलं काडीचं कळत नाही. आपल्याकडे डायनिंग टेबल आहे. सेकंडहँड, पण सागवानी. त्याच्या मधोमध काहीतरी पाहिजेच. सेंटरपीस म्हणतात त्याला. बिनफुलांचा सेंटरपीस! अख्ख्या सोलापुरात कुणाला सुचणार नाही.
निश्चय: रोज एक तास. शांत डोक्यानं.

६.४०. टेबल खिडकीशी सरकवलं.

७.१०. परत होतं तिथं आणलं.

सोमवार, १३.
रुद्राणीनं विचारलं, अप्पा, या वेळी नुसतं जेवण दिलं तर नाही का चालणार? घाबरलीय पोर. तिसरं स्थळ आहे. पहिल्या वेळी मेणबत्त्या होत्या. मुलाच्या मामांचा पटका पेटला, मान्य. पण पेटत्या मेणबत्तीसमोर डुलक्या घेतं का कुणी? दुसऱ्या वेळी काचेच्या भांड्यात रंगीत पाणी आणि दोन मासे. मुलाच्या काकांनी जेवण झाल्यावर त्यात हात धुतले. यात माझी काय चूक?

बुधवार, १५.
गड्ड्याच्या जत्रेतून दोनशे काचेच्या गोट्या आणल्या. परातीत मांडल्या. झकास! ऑफिसातून आलो तर गोट्या घरभर आणि नीलम्मा पाय शेकत बसलेली. परात इतक्या कडेला मी ठेवली नव्हती.

गुरुवार, १६.
गिरणीतल्या रिकाम्या बॉबिनींचा मनोरा रचला. पंखा लावला. पडला. पुन्हा रचला. मांजर.
ऑफिसात मन लागेना. दोन पत्रांवर चुकीची तारीख. साहेब ओरडले. माझ्या डोक्यात काय चाललंय, साहेबाला काय ठाऊक!

शनिवार, १८. दुपारी ४.
सुचलं! मैंदर्गीहून मेव्हणा ज्वारीची कणसं घेऊन आलाय. हिरवीगार, टपोरी. पितळी घागरीत उभी केली. आता फक्त रुपेरी रंग द्यायचा.

४.३०. रंगाचा डबा सापडत नाही. नीलम्माला विचारलं तर तिनं पदर सावरला.

५. नाही तर नाही. हिरवाच रंग उठून दिसतो, मी आधीच म्हणत होतो. रुद्राणी जेवली नाही. उपास असेल.

रविवार, १९. दुपारी १२.१५.
पाहुणे आले. टेबल बघून म्हणाले, आम्ही आपले खाली बसतो, मांडी घातल्याशिवाय घास उतरत नाही. झालं! सगळे पाटावर, घागर वर एकटी. मी दोनदा खोकलो. कुणी वर बघेना. शेवटी मुलाच्या आजींची नजर गेली. मी कल्पना समजावून सांगायला उभा राहिलो, तर आजी म्हणाल्या, अगं बया, हुरडा हाय की! हितं वाळत कशाला घातलाय? पोरी, चार गोवऱ्या पेटव बघू.

१. अंगणात सेंटरपीस भाजताहेत. रुद्राणी कणसं चोळतेय, मुलगा चन्नवीर फुंकर मारून फोलपटं उडवतोय. तिच्याच तोंडावर. दोघंही हसताहेत. आठ दिवसांत पोर हसलेली नव्हती. आजींनी मला शेंगाची चटणी आणायला सांगितली. नेऊन दिली. आता आत टेबलाशी बसून लिहितोय. घागर रिकामी.

सोमवार, २७. संध्याकाळी ५.४०.
होकार! दारातच नीलम्मानं हातावर पेढा ठेवला. काय सांगत होतो मी? सेंटरपीसनंच काम केलं! आता लग्नाचा मांडव. मधोमध उसाचा मनोरा, बारा फुटी. आत बल्ब. उद्याच इलेक्ट्रिशियनला भेटायचं.

६.१०. वैरागचं कार्ड मागून घेतलं, स्वतः वाचलं. हुंडा नको, मानपान नको. अट एकच: मांडवाच्या सजावटीला मुलीच्या वडिलांनी हात लावायचा नाही.
मला न विचारताच नीलम्मानं दुपारी उत्तर टाकलंय. अट मान्य. रुद्राणीनं लिहून दिलं म्हणे. एरवी मामाला पत्र लिही म्हटलं तर पोरीला चार दिवस लागतात.