जोडीमागे चार मिनिटं

प्रिय बाळ,

पार्सल मंगळवारी मिळालं. एक ब्लँकेट, दोन स्वेटर, बाबांच्या गुडघ्यांसाठी मलमाच्या तीन नळ्या, धाकटीचं पेन आणि काचेचे सहा कप. एका कपाचा कान उडालाय, तो मी चमचे ठेवायला घेतला. सोडवायला एकशे चाळीस पडले, पोस्टमनला वरचे दहा. तू तिकडे किती भरलेस ते खोक्यावर वाचलं, पण वहीत मांडलं नाही. मांडलं असतं तर त्या कपातून चहा घशाखाली उतरला नसता. पुन्हा कप पाठवू नकोस. कप इथेही मिळतात.

बाबांचे गुडघे आहेत तसेच आहेत. मलम लावून घेतात आणि 'लेकाने पाठवलंय' म्हणून लगेच उतार पडल्याचं सांगतात. धाकटीने विद्यापीठाचा फॉर्म आणलाय. तिलाही तुझाच विषय हवा, आंतरराष्ट्रीय व्यापार. तुझ्या वर्गातले कोण कुठे लागले ते तिला तोंडपाठ आहे: एक बँकेत परदेशी चलनाच्या टेबलावर, एक जहाज कंपनीत, ती चष्मेवाली कस्टम्समध्ये, आणि आपला दादा सगळ्यांच्या वर, खरेदी विभागात. फॉर्मवर पालकाची सही हवी. चार दिवस झाले, मी चष्मा सापडत नाही असं सांगतेय. काल म्हणाली, आई, चष्मा तुझ्या नाकावर आहे.

तू दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत आलास आणि भाजी निवडणाऱ्या मला तुझा विषय समजावलास, ते आठवतं का? तू म्हणालास, आई, दोन पैसे वाचतात म्हणून तू दोन गल्ल्या ओलांडून साबण आणतेस ना, तेच आम्ही शिकतो, फक्त गल्लीच्या जागी देश. मला त्या दिवशी फार भरून आलं. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढे मोठे प्राध्यापक माझीच गोष्ट शिकवतात असं वाटलं. शेजारच्या शिलाईवालीला मी ते चारदा ऐकवलं. ती म्हणाली, मग तुम्हीच का नाही शिकवायला जात, साबणाची पायपीट तरी वाचेल.

त्याच सुट्टीत तुला प्रकल्प करायचा होता आणि बाबा तुला कारखान्यात घेऊन गेले. दहा दिवस तू घड्याळ घेऊन त्यांच्या कटाईच्या टेबलाशी उभा होतास. कातड्यावर साचे कसे फिरवून ठेवले की दहा जोड्यांच्या जागी अकरा हातमोजे-जोड्या निघतात, हे त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं, तुला दाखवलं. एका जोडीच्या कटाईला चार मिनिटं, शिलाईला अकरा, उलटवून ठोकायला दोन. कुठे वेळ फुकट जातो, कोणत्या मशीनचा पट्टा रोज घसरतो, सगळं सांगितलं. शिलाईवाल्या बायकांनी तर तुझ्यासाठी मुद्दाम सावकाश शिवून दाखवलं, म्हणजे तुला नीट लिहून घेता यावं. तुला पहिला वर्ग मिळाला तेव्हा बाबांनी सबंध कारखान्याला चहा पाजला.

आता कारखान्याचं. बाबांनी फोनवर तुला सांगितलंच आहे, पण फोनवर ते छाती काढून बोलतात, म्हणून मी नीट लिहिते. तुझी कंपनी पुढच्या हंगामापासून आपल्याकडून माल घेणार नाही. दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणून मालक कारखाना बंद करतायत. एकेचाळीस माणसं आहेत. वीस तारखेच्या आत जो आपण होऊन राजीनाम्यावर सही करील त्याला आठ महिन्यांचा पगार हातात. एकवीस तारखेला ते पैसे नाहीत, मग कोर्टात जा आणि नातवंडांच्या लग्नापर्यंत वाट बघा. मालक वाईट माणूस नाही. त्याच्याकडे तेवढेच आहेत, ते आम्हालाही दिसतं.

आणि आजपर्यंत एकानेही सही केलेली नाही. कारण बाबांनी सगळ्यांना थांबवलंय. ज्या कंपनीच्या खोक्यांवर आम्ही सव्वीस वर्षं शिक्के मारले, तिच्याच ऑफिसात माझा मुलगा बसतो, तो हे होऊ देणार नाही, असं त्यांनी फाटकाशी उभं राहून सांगितलं. तू फोनवर 'बघतो' म्हणालास. तुझं 'बघतो' मला तुझ्या पाटी-पेन्सिलीपासून ठाऊक आहे. पण त्यांनी ते एकेचाळीस घरी पोचवलं. रोज संध्याकाळी चार-पाच जण दाराशी येतात. आम्ही ज्याला नारद म्हणतो तो पॅकिंगवाला विचारतो, काय, साहेबांचा काही निरोप? बाबा म्हणतात, वरपर्यंत बोलणं चाललंय. मग मी आत जाते. त्याच्या दोन मुलींची लग्नं व्हायचीत आणि तो माझ्या तोंडाकडे बघतो.

आता जे लिहायला चार दिवस गेले ते लिहिते. कपांभोवतीचे कागद मी इस्त्री करून सरळ केले. ऑफिसचा कागद एका बाजूने कोरा असतो, हिशेबाला चालतो, आपल्या घरात कागद कधी फेकला नाही हे तू विसरलास. नाहीतर तेवढा एक कागद तू त्यात घातला नसतास. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, पण आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही. एका बाजूला आपला कारखाना, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा दुसऱ्या देशातला. कटाई चार, शिलाई अकरा, उलटवणं दोन. समासात तुझ्या हातचे पेन्सिलीचे आकडे, सातच्या पोटात आडवी रेघ. तळाशी एक शब्द होता तो मी धाकटीच्या शब्दकोशात बघितला. शिफारस. त्याच्यापुढे आपल्या कारखान्याचं नाव नव्हतं. खाली तुझी सही.

मी तो हिशेब तीनदा मांडून पाहिला. कुठे हातचा राहिला असेल, कुठे वाहतूक धरायची राहिली असेल, असं वाटत होतं. काही राहिलेलं नाही. त्यांची जोडी खरंच स्वस्त पडते, जहाजाचं भाडं धरूनसुद्धा. तुझ्या खुर्चीवर मी असते तर मीही तिकडूनच घेतली असती. जन्मभर दुसरं काय केलं? म्हणून तुला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही, आणि तुला माफ करायला बसले तर समोर त्या शिलाईच्या बायका येतात. देवासमोर बसले तर मागायचं काय तेच कळेना. कारखाना राहू दे म्हणावं, तर माझ्या मुलाचा कागद खोटा ठरव असं मागणं होतं. नुसती बसून उठले.

तो कागद मी जाळला. बाबांना कळलेलं नाही आणि माझ्याकडून कळणार नाही. ते अजून तुझ्या प्रकल्पाची वही पाहुण्यांना दाखवतात. पण मी गप्प राहिले तर वीस तारीख निघून जाईल आणि एकेचाळीस घरं आठ महिन्यांच्या पगारालाही मुकतील, तेही बाबांच्या शब्दावर. मी त्यांना 'सह्या करा' म्हटलं तर विचारतील, तुला कुणी सांगितलं? म्हणून हे पत्र. तू बाबांना पत्र लिही की काहीही होणार नाही, मी विचारलं, निर्णय पक्का आहे, सगळ्यांनी सह्या करून घ्या. कुणी केलं, कसं झालं, ते लिहू नकोस. तेवढं खोटं मी माझ्या डोक्यावर घेते, तू घेऊ नकोस. फोन करू नकोस. फोनवरचं बाबा आपल्याला हवं तसं ऐकतात, आणि फाटकाशी माणसं कागद मागतात. आज चार तारीख. हे पत्र पोचायला सहा दिवस, तुझं यायला सहा. मध्ये रविवारही येतात. दोन ओळी पुरेत, बाळा, पण उलट टपाली कळव.

तुझीच,
आई