चौथ्या कोपऱ्याचा लाल दोरा

भाद्र, सोमवार

लतिका, पोचलो आम्ही. खोली चांगली आहे, तू उगाच घाबरत होतीस. दाराशी पेरूचं झाड आहे, मागच्या खिडकीतून भागीरथी दिसते, म्हणजे मान वाकडी केली तर दिसते. तुझ्या पुंटीने आल्या आल्या पेरूवर चढून फ्रॉक फाडला. शिवायचं काम लागलंच मला.

बंगळुरातून फोनवर तू दोन शब्द बोलून ठेवतेस, दिदा-नातीचं काय चाललंय ते लिहून ठेव, दुर्गापूजेला आले की वाचेन, असं तूच म्हणालीस. तेव्हा आता वाच. वीटभट्टीवरच्या शाळेत बाई शिकवायच्या तेवढंच येतं. अक्षराला हसलीस तर वही चुलीत घालेन.

मुरमुऱ्यांच्या भट्टीवर उद्यापासून जायचं. मालकिणीला सगळे बौदी म्हणतात. जाडी आहे, पण मनाची बरी. पुंटीला ओंजळभर गरम मुरमुरे दिले, वर गूळ.

भाद्र, गुरुवार

सगळं चांगलं, एक डास सोडून. खोलीमागे तळं आहे, जलपर्णीने बुजलेलं. संध्याकाळी बोलायला तोंड उघडावं तर डास आत. पुंटीचे पाय बघवत नाहीत.

बौदी म्हणाली, डासांची जळती वडी मिळते ती लाव. ती लावली की पुंटी खोकते आणि डास तिच्याभोवती फेर धरतात. मग मी माझं चालू केलं. दिवस कलायच्या आत खिडकी बंद, तिच्यावर ओलं पोतं. धुपाटण्यात नारळाची सोडणं, वर राळ आणि वाळका कडुलिंब, धूर कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायचा. अंगणातल्या करवंट्या पालथ्या, माठाला फडकं. पोरीच्या हातापायांना कापूर घातलेलं मोहरीचं तेल. निम्मे डास गेले. उरलेल्या निम्म्यांना मच्छरदाणीच पाहिजे, आणि बाजारातली नवी आपल्याला झेपत नाही.

भाद्र, रविवार

मच्छरदाणी मिळाली. स्मशानघाटाकडे जाणाऱ्या गल्लीत नेत्यमासी म्हणून एक म्हातारी राहते, जुने कपडे धुऊन विकते. तिच्या दोरीवर वाळत होती. जाड सुताची, घट्ट विणीची, एक भोक नाही. कुठून आणली ते मी विचारलं नाही. स्वस्त वस्तूचं कुळ विचारू नये.

एकाच कोपऱ्याचा बंद तुटलेला होता. मासी म्हणाली, तो कोपरा तसाच लोंबू दे, शिवू नकोस. मी म्हटलं, मासी, तीन कोपऱ्यांवर टांगून डासांना जावई करून घेऊ का? ती हसली नाही. गिऱ्हाइकाला अडवायची पद्धत असते एकेकाची.

घरी आले आणि माझ्या जुन्या साडीच्या लाल काठाचा बंद केला, लाल दोऱ्याने दुहेरी टाक्यात शिवला. हत्तीने ओढला तरी निघणार नाही.

भाद्र, मंगळवार

अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. आत एक डास नाही. त्यांची गुणगुणही आत येत नाही, कानात कापूस घातल्यासारखं वाटतं. पुंटीच्या पायावरचे फोड बसले.

सकाळी म्हणाली, दिदा, तू किती वेळ वारा घालत होतीस. मी म्हटलं, मला दुसरी कामं आहेत. भट्टीवरून आल्यावर हात उचलत नाही माझा, वारा कुठला घालते.

भाद्र, शनिवार

आज भट्टीवरून आले तर अजून उजेड होता आणि पुंटी मच्छरदाणी खाली सोडून तिच्या आत बसलेली. ओठ हलत होते. आवाज नाही. मला वाटलं मुद्दाम करते. कड उचलली तर आवाज भसकन बाहेर आला, मडकं फुटून पाणी यावं तसा. शाळेतली कुठली तरी भांडणं सांगत होती, मध्ये थांबत होती, समोरचं कोणी विचारतंय तशी. मला बघून गप्प झाली.

दिवसा अंथरुणात बसलं की घरात अवदसा येते म्हणून बाहेर काढली. काढताना बघितलं, कड गादीखाली आतून खोचलेली होती. मी कड खोचते ती पोत्याचं तोंड बांधल्यासारखी. ही बारीक बारीक चुण्या घालून खोचलेली, तान्ह्या मुलाभोवती दुपटं लपेटतात तशी.

आश्विन, बुधवार

पुंटी हल्ली पेरूवर चढत नाही. शाळेतून आली की आत. जेवण आत मागते. केस विंचरलेले असतात, दोन वेण्या, पाठीवर सरळ. माझ्या हातच्या वेण्या कधी सरळ झाल्यात का? तुझ्याही वाकड्याच असायच्या.

कोणी घातल्या विचारलं तर म्हणाली, माझ्या मा-ने.

मी चिडले. तुझी मा बंगळुरात आहे, दुसऱ्याचं पोर सांभाळते, म्हणून तुझ्या अंगावर फ्रॉक आहे, म्हटलं. पुंटी रागावली नाही. मलाच समजावल्यासारखं म्हणाली,

“ती मा फोनमध्ये असते, दिदा. ही इथे असते.”

हे तुला लिहू नये असं वाटलं होतं. लिहिलं.

आश्विन, महालया अमावस्या

मच्छरदाणी काढून घडी घातली आणि फळीवर टाकली. दुपारपर्यंत पुंटी तापाने फणफणली. इस्पितळात नेली. रक्त तपासलं, डासाचा ताप नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही नाही. संध्याकाळी दातखीळ बसायची वेळ आली तेव्हा मीच, या हातांनी, मच्छरदाणी टांगली आणि तिला आत ठेवली.

ताप उतरला, लतिका. घाम पुसावा तसा उतरला. आणि मी बाहेर उभी होते तर आतून कड —

माझा हात लागायच्या आधी खोचली गेली.

आश्विन, द्वितीया

नेत्यमासीकडे गेले. भांडायलाच गेले होते. तिने आधी विचारलं, बंद शिवलास का. मी हो म्हटलं. मग तिने कपाळाला हात लावला आणि सगळं सांगितलं.

कासारगल्लीत एक पोरसवदा बाई होती. तिची मुलगी हिवतापाने गेली. मुलगी गेल्यावर हिने मच्छरदाणी आणली. रिकाम्या खाटेवर टांगून आत बसायची, कड उचलून धरायची आणि म्हणायची, ये ग लवकर, डास येतील. खाणं नाही, पिणं नाही. तशीच गेली. बिछान्याबरोबर मच्छरदाणीही घाटावर आली, तिथून मासीच्या दोरीवर. इथल्या घाटाची रीत अशी की मेलेल्याच्या मच्छरदाणीचा एक बंद तोडतात, म्हणजे आतल्याला निघायला वाट राहते.

मासी म्हणाली, “तिची वाट सोडलेली होती. ती निघतच होती ग. तू दार लावून घेतलंस.”

मग उसवते, म्हटलं. तर मासीने माझं मनगट धरलं. आत कोणी असताना उसवू नकोस, म्हणाली, ती त्याला घेऊन जाईल. मोकळ्या हाताने ती आता जायची नाही. तूच ये नि उसव म्हटलं तर नाही म्हणाली. तिलाही घर आहे, नातवंडं आहेत.

आश्विन, तृतीया

पुंटीला बाहेर काढते, ताप चढतो. आत ठेवते, उतरतो. बाहेर असेल तेव्हाच उसवायचं, म्हणून तापातच तिला अंगणात निजवली आणि भराभरा टाके कापले. बंद खाली पडला. अंगणात जाऊन पोरीला बघितलं, कपाळ अजून तापलेलंच. परत आले तर —

शिवलेला. माझाच लाल दोरा. बारीक टाके, एकसारखे, फ्रॉकला घालतात तसे. पुंटीला सुईत दोरा ओवता येत नाही.

आश्विन, चतुर्थी

तू फोन केलास. षष्ठीला सकाळी पोचते म्हणालीस, पुंटीसाठी निळा झगा घेतलाय म्हणालीस. फोन पुंटीला दे म्हणालीस. मी फोन जाळीला लावून धरला. तिचे ओठ हलत होते. तुला काही ऐकू आलं नाही, तू म्हणालीस लाइन खराब आहे.

लाइन खराब नव्हती.

पोर हसते आहे, लतिका. आत हसते. मी तिला इतकी हसताना —

आश्विन, पंचमी

सकाळी मी आत शिरले. पुंटीला मांडीवर घेऊन बसले. आत कोणीतरी सरकून जागा केली. मी म्हटलं, ही माझी नाही, हिची आई उद्या येते आहे, तिने वर्षभर वाट बघितली आहे. तुला सोबत पाहिजे ना, मी बसते. मी म्हातारी आहे, पण मी उठून जायची नाही.

मग पुंटीला बाहेर ढकललं. ताप आला नाही. नेत्यमासी पोर न्यायला तेवढी तयार झाली होती, दाराशी थांबली होती, तिला घेऊन गेली. पोर रडत गेली. तिला वाटलं मी तिची मा हिसकावली.

आता मी आत. वही आत आणली. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आहे. दिसत नाही, जड लागतं. बाई कसली ग, तुझ्याच वयाची पोरगी. केस विंचरून मागते. मी विंचरते, वाकडे —

लतिका, नीट वाच. उद्या आलीस की कड उचलू नकोस. मला हाक मारू नकोस. पुंटी मासीकडे आहे, आधी तिला बघ, छातीशी धर, सोडू नकोस. मग मासीला तिला घट्ट धरायला सांग, आणि बाहेरून लाल दोरा काप. मी आत असेन. तरी काप. मी आधीच कापला असता, पण तुझ्या हातात पोर देईपर्यंत —

दिवेलागण झाली. आज धूप कोणी घातला नाही. बाहेर डास असतील, ऐकू येत नाहीत.

दार उघडलं.

पुंटी. मासीच्या हातून सुटून आली. पाय उघडे, डासांनी खाल्लेले. जाळीला तोंड लावून काहीतरी म्हणते आहे. आत यायचंय.

नको म्हणते मी. जा म्हणते. ओरडते आहे लतिका, घसा फाटेस्तोवर ओरडते, पण तिला ऐकू — माझा आवाज जाळीच्या

मांडीवरचं डोकं उचललं गेलं. कड वर होते आहे. मी धरली आहे, दोन्ही हात पाहिजेत, वही