रखमाच्या उबेची तजवीज

वाघजाईला स्मरून मी, सहदेव बिन मालोजी उतेकर, वय एकोणपन्नास, धंदा नळजोडणी व शेती, राहणार मौजे वरंध, तालुका महाड, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र लिहितो. अंग थकले आहे, बुद्धी जागेवर आहे. कोणाच्या धाकाने अगर आर्जवाने लिहीत नाही. लेकरे देवाने परत नेली. मागे पत्नी रखमा आणि धाकटा भाऊ मुरारी एवढीच माणसे.

१. राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते रखमाने हयातभर उपभोगावे, तिच्यामागे मुरारीचे व्हावे. तिच्या हयातीत मधल्या खोलीतील नळ्या, गरम पाणी खेळते ती लोखंडी पेटी व पडवीतील बंब कोणी काढू अगर विकू नये. मुरारी म्हणतो, "वाडवडलांनी शेकोटीवर थंडी काढली, वयनीलाच नळ्या कशाला?" उत्तर लिहून ठेवतो. रखमाला दमा आहे. थंडीने तिचा जीव घुसमटतो आणि शेगडीच्या धुरानेही घुसमटतो. महाबळेश्वरास साहेबलोकांच्या खोल्या अशाच नळ्यांनी उबवण्यात माझे वय गेले. तिथला एक बंगला मोडला तेव्हा जुने सामान मागून घेतले आणि बैलगाडीने घाट उतरवले. आता धूर पडवीत राहतो, ऊब तेवढी आत येते.

२. बंबाच्या डोक्यातून निघणारी नळी चढती असावी, पेटीतून परतणारी उतरती. मध्ये कोठे पोट पडू देऊ नये; तेथे हवा अडते आणि पाणी फिरायचे थांबते. माळ्यावरच्या टाकीची नळी वळचणीबाहेर उघडी आहे. पाल शिरते म्हणून तिला बूच मारू नये, बंब फुटेल. हे पाणी अंघोळीचे नव्हे. घागर घेऊन येणाऱ्या शेजारणींना रखमाने भीड न धरता परत पाठवावे. तेवढे तिला जमणार नाही, हे ठाऊक आहे.

३. गेल्या पौषात मी महाडास दवाखान्यात होतो. मुरारीने बंब साफ करायला नळ्या सोडवल्या. आमच्या धंद्यात वरच्या नळीला 'जाती' म्हणतात, खालच्या नळीला 'येती'. पण घराबाहेर पडणारा माणूससुद्धा 'येतो' म्हणूनच निघतो, आणि दुसरे लेकरू गेल्यापासून रखमा घरात 'जाती' शब्द काढू देत नाही.

"वयनी, वरची नळी कंची?"

"ती येती."

"आन् खालची?"

"तीबी येती."

"मंग या घरातनं जातंय तरी काय?"

"तोंड सांभाळा, भावजी."

त्याने नळ्या उलट जोडल्या. बंब गुरगुरत राहिला, खोली गार. घाबरून त्याने आत शेगडी पेटवली. मी परतलो तेव्हा रखमाचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून मी मुरारीशी बोललो नाही.

४. "मुरारीने या घराचा उंबरा ओलांडू नये" असे येथे लिहिले होते. वाचून दाखवले तेव्हा रखमा म्हणाली, "अवो, तुमच्यामागं मला दम लागला तर हाक कुनाला मारू? वाघजाईला? ती घाटात हाय. भावजी भितीपल्याड हायत. खोडा ते."

खोडले. माझे पाने, करवत व नळीला आटे पाडण्याचे हत्यार मुरारीला द्यावे. बदल्यात त्याने थंडीत रोज सांजेला बंब पेटवावा. हत्यारे आजच दिली आणि माझ्यासमोर सगळे जोड सोडवून पुन्हा बांधायला लावले. मी गप्प बसलो. माझ्यामागे सांगायला मी नसेन.

"दादा, निदान मान तरी हालव!"

"त्यांनी मान हालवली तर तुमी शिकाल कवा, भावजी?" रखमा म्हणाली.

५. दिवसकार्य साधे करावे. वाघजाईला नारळ मुरारीने न्यावा, रखमाने घाट चढू नये.

साक्षीदार ओटीवर बसले आहेत. बंब पेटला आहे. खोली उबली तरच सही करीन, नाहीतर कलम चार पुन्हा लिहावे लागेल, असे त्यांना सांगितले. हैबती म्हणाले, "सहदेवा, मरनाची घाई नाय, पन सहीची कर. आमची गुरं बाहेर हायत." रखमा पेटीला तळहात लावून बसली आहे. मुरारी दारात उभा आहे, आत येत नाही.

"आली," रखमा म्हणते.

सही करतो.

सहदेव मालोजी उतेकर, दस्तुर खुद्द

साक्ष: हैबती रामा जाधव, निशाणी आंगठा
साक्ष: महिपती चांगू देशमुख, सही

मुक्काम वरंध, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५५