बाकावर वाकलेला माणूस

४ नोव्हेंबर

…मग मी थर्मास भरायचे आणि हे जुन्या बनियनच्या फडक्यानं स्केटची पाती पुसत बसायचे. चिमणी यांच्याकडे बर्फावरचं स्केटिंग शिकायची; तिचे बूट आमच्याकडेच असायचे, तिच्या घरी ओल फार. पाती कोरडी झाली की त्यांवर प्लॅस्टिकची म्यानं चढवायची, पिशवी खांद्याला, "येतो गं", की दार लागलं. पहाटे पाच. नऊ वर्षं हेच. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आज थर्मास घासताना आठवलं, एवढंच.

५ नोव्हेंबर

पेपरात चिमणी. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. शेजारी तिचे आताचे प्रशिक्षक, भारी कोटातले. यांनीच तिला त्यांच्याकडे सोपवलं होतं, पुढचं शिकायला मिळावं म्हणून. खाली लिहिलंय – "तीन वर्षांत शून्यातून घडवली."

दोनदा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. शाळेत न जाता मोठेपणी अक्षरं शिकलेल्या माणसाची सवय, जात नाही.

नऊ वर्षांच्या पहाटा म्हणजे शून्य.

नणंद म्हणाली, "वहिनी, दादाचं मेलं पहिल्यापासून असंच. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा अर्धा कापलाय." हसू आलं. मग भांडी उरली होती ती घासली.

९ नोव्हेंबर

चिमणी सराव करायची त्या बर्फाच्या रिंकच्या ऑफिसात बोलावलं होतं. तिथल्या भिंतीवर प्रशिक्षकांचे फोटो लागणार आहेत. यांचाही लावतील, पण शिष्याबरोबरचा हवा आणि चेहरा दिसायला हवा. पंधरा तारखेच्या आत. नाहीतर चिमणीच्या नावाखाली एकटे कोटवाले.

"बाई, नियम माझा नाही," कारकून म्हणाला. खुर्ची मात्र त्यानं स्वतः ओढून दिली.

११ नोव्हेंबर

नणंदेच्या लॅपटॉपवर जुन्या सात स्पर्धा पाहिल्या. दर वेळी तेच. चिमणी बर्फावरून येते, बाकावर बसते, गुणांची वाट बघते. कॅमेरा समोर. आणि हे – खाली वाकलेले. टक्कल दिसतं, कोपरावर मी लावलेलं ठिगळ दिसतं. चेहरा नाही. सातही वेळा नाही.

राग आला. एकदा मान वर केली असती तर काय बिघडलं असतं? गेलेल्या माणसावर रागावून बसायचं आणि चहा एकटीचाच टाकायचा.

१२ नोव्हेंबर

कंबर धरली आहे. काही नाही.

१३ नोव्हेंबर

चिमणी आली. एकवीस वर्षांची झाली, तरी अजून सरळ स्वयंपाकघरात शिरते आणि डबे उघडते. विचारलंच तिला, "तुझे सर कॅमेरा आला की तोंड का लपवायचे गं?"

"लपवायचे? काकू, नाड्या सैल करायचे ते. बूट इतके आवळलेले असतात, शेवटी पाय बधिर होतात. सर म्हणायचे, गुण कुठे पळून जात नाहीत, आधी पाय सोडवू."

डबा बंद करत म्हणाली, "आणि खालून बोलायचे. एकदा तीनदा आपटले मी. रडणारच होते. तर खालून म्हणतात – जा, बर्फाला फार लागलं नाही ना, विचारून ये. मी कॅमेऱ्यासमोर खो खो हसले. लोक म्हणाले, काय धीराची पोर."

"आणि हे आताचे?"

"वाईट नाहीत हो. शिकवतात छान. पण गुण येताना ते हात हलवतात कॅमेऱ्याला. पाय घरी येईपर्यंत तसेच."

मग ज्यासाठी आली होती ते बोलली. परवा अंतिम फेरीत बाकावर मी तिच्या शेजारी बसायचं, यांची तसबीर मांडीवर धरून. तिनं परवानगीही काढून ठेवलीय. "सगळ्यांना दिसू देत सर. एकदा तरी."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हेच तर हवं होतं मला.

१४ नोव्हेंबर

जुन्या स्पर्धेतलं एक दृश्य छापून घेतलं – वाकलेली पाठ, ठिगळ, वर चिमणीचं हसू – आणि ऑफिसात दिलं.

"बाई, चेहरा कुठाय?"

"कामावर असे दिसायचे ते."

कारकुनानं फोटो परत केला नाही. हो पण म्हणाला नाही.

घरी येऊन तसबीर पुसली, पिशवीत ठेवली. उद्या स्पर्धा.

१५ नोव्हेंबर

बाकावर बसले. चिमणी धापा टाकत, बधिर पाय ओढत आली. कोटवाले सावरून बसले. कॅमेरा आमच्यावर आला. तसबीर पिशवीतच राहिली – मी वाकून तिच्या नाड्या सैल केल्या.