रावसाहेबाची साखर

शेवगाव,
चैत्र वद्य पंचमी, सन १९७३

तीर्थरूप आक्का हिच्या पायांवर धाकटा भाऊ सहादेव शेवगावाहून डोकं ठेवतो. पाय नुकतेच धरणाच्या पाण्यातून काढलेले असतील तर पुसू नकोस, तेवढाच आमच्या डोक्याला गारवा. चि. मुक्ताला आशीर्वाद. हे पत्र तुला वाचून दाखवणारे जावईबापू श्रीमंतराव यांना नमस्कार. (श्रीमंतराव, कचेरीत कागद भरभर वाचायची तुमची सवय असेल, पण हे पत्र सावकाश वाचा. आणि कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचा. सासूबाईंच्या छातीत धडधड होते, हे तुम्हाला माहीत आहेच.)

तुझी तिन्ही कार्डं पोचली. पहिल्यात रावसाहेब कसा आहे असं विचारलंस, दुसऱ्यात रावसाहेब पोटभर जेवतो का असं विचारलंस, आणि तिसऱ्यात अक्षयतृतीयेला श्रीमंतराव येतील, त्यांच्याबरोबर रावसाहेबाला पाठवून दे, असं लिहिलंस. सख्खा भाऊ कसा आहे, हे एकाही कार्डात नाही. कार्डावर जागा ती किती, मी समजून घेतो. बोक्याला रावसाहेब म्हणणारी आणि पाठच्या भावाला चार माणसांत सद्या म्हणणारी बहीण माझ्या नशिबी आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मार्गशीर्षात पाण्याचे हाल सुरू झाले तेव्हा तू लेकीकडे भंडारदऱ्याला निघालीस आणि कंडक्टरनं टोपलीतलं जनावर एस. टी. त चढू दिलं नाही, म्हणून रावसाहेब आमच्या ओसरीवर राहिला. तेव्हापासून तुझ्या पहिल्या दोन्ही कार्डांना मी ‘रावसाहेब खुशाल’ असं उत्तर दिलं. ते शंभर टक्के खोटं नव्हतं. पण आता न्यायला माणूस येणार म्हटल्यावर खरं सांगणं भाग आहे.

झालं असं, की पौषात रावसाहेबाला तहान लागली. तहान सगळ्या तालुक्यालाच लागली होती, म्हणून आधी आम्ही मनावर घेतलं नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येणार, घरटी दोन हंडे मिळणार, आणि हा गृहस्थ त्यात तोंड घालून निम्मी कळशी संपवणार. हंड्यावर झाकण ठेवलं तर मोरीत बसून वाट बघायचा. देवाच्या तांब्यातलं प्यायला, माझ्या दाढीच्या वाटीतलं साबणासकट प्यायला. शेजारच्या मालनबाईनं गल्लीभर सांगितलं, की सहादेव मापाड्याच्या घरी माणसं तहानलेली आणि मांजर पाण्यात. एवढं पिऊन तो वाळतच चालला होता. (फार वाळला होता, श्रीमंतराव. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येत होते.)

रोग ओळखला तो मुंग्यांनी. रावसाहेब परसातल्या राखेच्या ढिगावर जायचा. एका सकाळी आमची कारभारीण लंका राख आणायला गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, ‘‘राखंला मुंग्या लागल्यात. तुमाला लागल्या हुत्या तशा.’’ तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी माझी साखरही पहिल्यांदा मोरीतल्या मुंग्यांनाच कळली होती, नगरच्या डॉक्टरांना नंतर. मी लंकेला म्हणालो, मांजराला कधी साखर होते का? ती म्हणाली, मापाड्याला हुती तर मांजराला का न्हाई. मी बोक्याला पोत्यात घातला आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर नवीन आहेत, मुंबईला शिकलेले. चार महिने गुरांच्या छावणीवर खपून माणूस काळवंडून गेलाय. दवाखान्यात मोठ्या शिंगांची जनावरं उभी आणि त्यांच्यामध्ये मी पोतं घेऊन. मला वाटलं, हाकलून देतील. पण साखर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, हे मी पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी पाहिलं नाही. याचं वजन करून आणा आणि लघवी आणा. वजनाचं मला काय अवघड? आमच्या धान्यबाजाराच्या यार्डात सध्या तोलायला धान्यच नाही, काटा मोकळाच लटकतोय. रावसाहेबाला पारड्यात बसवला, रीतीप्रमाणे पहिल्या वजनाला ‘लाभ’ म्हणालो, आणि भरला चार किलो दोनशे. हमालांनी बिडी विझवून पाहिलं. त्या यार्डात महिन्याभरात झालेलं ते पहिलं वजन.

लघवीचं मात्र अवघड. तुझा बोका लाजाळू आहे हे मला माहीत नव्हतं. मी दोन दिवस लांब दांड्याची पळी घेऊन त्याच्या मागे हिंडलो. तो राख उकरायचा, बसायचा, माझ्याकडे बघायचा आणि उठून जायचा. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीच्या दगडाआड लपलो तेव्हा साधलं. (पळी आता वरणाला वापरत नाहीत. कोणती ते सासूबाईंना सांगू नका, ती त्यांच्याच रुखवतातली, जाताना आमच्याकडे ठेवलेली होती.) डॉक्टरांनी नळीत निळं औषध घेऊन त्यात ते थेंब टाकले, दिव्यावर धरलं, आणि रंग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होत होत पार विटकरी झाला. माझी परीक्षा होते तेव्हा तो नारिंगीवर थांबतो. म्हणजे बोका माझ्यापुढे गेलेला.

औषध रोज सुईनं द्यायचं, तेही नगरहून आणावं लागलं. दुकानात गर्दी. दुकानदारानं विचारलं, पेशंटचं नाव काय? मी सांगितलं, रावसाहेब. वय? नऊ. त्यानं लिहिता हात थांबवला. तुमचा कोण? मी म्हणालो, बहिणीचा. आक्का, दुकानातले सगळे माझ्याकडे वळले. पुढच्या दोघांनी मला जागा दिली, एका बाईनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, देव बघून घेईल दादा. आता त्या माउलीला काय सांगायचं? मीही मान खाली घालून ‘व्हय’ म्हणालो आणि बाटली घेऊन निघालो. ती बाटली उन्हात ठेवायची नाही, म्हणून लंकेनं वाळूनं भरलेल्या मडक्यात पुरली आणि वाळू ओली ठेवायला रोज एक तांब्या पाणी बाजूला काढलं. ते आमच्या आंघोळीतलं काढलं. मालनबाईला हे अजून कळलेलं नाही.

सुई टोचायची कशी हे डॉक्टरांनी वांग्यावर शिकवलं. वांग्याला मी उत्तम टोचत होतो. रावसाहेबाच्या मानेची कातडी चिमटीत धरली तेव्हा मात्र मी सुई तीनदा पुढे नेली आणि तीनदा मागे घेतली. खोटं कशाला सांगू, सुईचं मला पहिल्यापासून भय. दिवाळीत नगरच्या डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं, गोळ्यांनी भागत नाही, रोज इंजेक्शन सुरू करा. मी म्हणालो होतो, पाऊसपाणी झाल्यावर बघू. तर मी असा उभा असताना लंकेनं माझ्या हातातून सुई घेतली, बोक्यापुढे ताटली सरकवली आणि तो खात असतानाच टोचून मोकळी झाली. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. खाऊन झाल्यावर मिशा पुसत माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

आता पथ्याचं. आक्का, मन घट्ट कर. तुझा दूध-गूळ-भाकरीचा काला बंद. डॉक्टर म्हणाले, मांजराचं पथ्य म्हणजे उंदीर, मासा, अंडं. उंदीर यार्डातून धान्याबरोबरच गेले, आणि असते तरी रावसाहेबानं नऊ वर्षांत उंदराला कधी ओळख दाखवलेली नाही. तेव्हा माळकऱ्याच्या घरात अंडी आली. मी परसात बाभळीखाली वेगळी तीन दगडांची चूल मांडली, वेगळं पातेलं घेतलं, आणि आठवडे बाजारातून सुकट आणली ती धोतराच्या सोग्यात लपवून. वासाला सोगा पुरत नाही. सबंध गल्ली मागे वळून बघत होती. मालनबाईनं दुसऱ्या दिवशी देवळात सांगितलं, की सहादेवानं माळ काढली. मी भर देवळात माळ वर करून दाखवली आणि खायचा तो बोका खातो असं सांगितलं. ती म्हणाली, समदे असंच सांगत्यात.

महिनाभर हे सुरळीत चाललं. मीही टोचायला शिकलो. आणि मग तो फाल्गुनातला सोमवार आला. (श्रीमंतराव, हा सगळा परिच्छेद कंसातच घालणार होतो. पण लंका म्हणाली, त्यांचं जनावर हाय, त्यांना कळाया पायजे. तेव्हा मोठ्यानं वाचा, फक्त आधी आक्काला बसायला सांगा.) त्या सकाळी मी रावसाहेबाला सुई दिली, ताटली पुढे ठेवली, तेवढ्यात टँकर आल्याची हाक झाली. लंका आणि मी हंडे घेऊन पळालो. तो जेवला का, हे बघायला मी थांबलो नाही. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं होतं, की सुई दिली आणि पोटात अन्न नसलं तर साखर एकदम उतरते आणि जनावर हातचं जातं. ते मला रांगेत उभं राहिल्यावर आठवलं. पण नंबर सोडला तर तीन दिवस पाणी नाही. मी थांबलो. परत आलो तेव्हा दुपार झाली होती. गल्लीतलं कुत्रं ओसरीवर बसून जिभल्या चाटत होतं आणि ताटली स्वच्छ होती.

रावसाहेब बाजेखाली आडवा पडला होता. उचलला तर ओल्या फडक्यासारखा हातावर लोंबला. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. लंका दवाखान्याकडे धावली, तर डॉक्टर छावणीवर गेलेले. ती परत येईपर्यंत मी गूळ कुटला, पाण्यात कालवला आणि बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळत बसलो, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तसं. ज्या गुळासाठी महिनाभर त्याला ओरडलो, तोच गूळ. काही होईना. मी मनात तुला लिहायचं कार्ड जुळवायला लागलो आणि दुसऱ्या ओळीच्या पुढे जाता येईना. तुझे मालक गेले त्या वर्षी हा डोळे न उघडलेलं पिल्लू म्हणून तुझ्या पदरात आला होता, हे मला माहीत नाही का? लंका आली, शेजारी बसली. मी चोळत राहिलो. आणि किती वेळानं कोण जाणे, रावसाहेबानं माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. आक्का, मला आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

आता तो ठीक आहे. आधी ताटली रिकामी होते, मग सुई. काल यार्डात पुन्हा काट्यावर घातला, पाच किलोला शंभर कमी. पाणी माणसाइतकंच पितो. राखेला मुंग्या नाहीत. मालनबाई बोलत नाही, पण काल ओसरीवर कागदात गुंडाळलेली चिमूटभर सुकट कुणीतरी ठेवून गेलं. तुझ्या छातीची धडधड संभाळ, मुक्ताला त्रास देऊ नकोस. थोरांना दंडवत, लहानांना गोड पापा (पथ्य नसलेल्यांनाच).

तुझा धाकटा,
सहादेव (सद्या)

ता. क. अक्षयतृतीयेला श्रीमंतरावांना पाठवू नकोस. म्हणजे ते आले तर आनंदच, पण रिकाम्या हातानं परत जातील. भंडारदऱ्यापर्यंत दोन गाड्या बदलायच्या, अख्खा दिवस मोडायचा, औषध उन्हात तापायचं, आजाऱ्याला हे सोसणार नाही.

आणखी ता. क. पावसाळ्यातही पाठवता येईल असं वाटत नाही. तिकडे पाऊस फार, मांजराला सर्दी होते. शिवाय मुक्ताला सुई टोचता येईल का, याची मला शंका आहे. मला त्याचा लळाबिळा काही लागलेला नाही, फक्त सोयीचं ते सांगितलं.

वन्संना लंकाचा नमस्कार. ह्ये यार्डात गेल्यात म्हून मी दोन वळी लिवते. माझं अक्षर चवथीपत्तोरचं हाय, श्रीमंतराव, लागंल तसं वाचा, पर मोठ्यानं वाचा. ह्यांनी समदं लिवलं, पर आपलं लिवलं न्हाई. रावसाहेब पडला त्या रातीला ह्ये जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं दंड उघडा करून बसले आन म्हनाले, मलाबी टोच. दिवाळीपसनं मी पाया पडत हुते, तवा ऐकलं न्हाई. नगरला जाऊन ह्यांचं औषध, माप समदं इचारून आलो. आता रोज सकाळी दोन सुया उकळते. आधी रावसाहेब, मग ह्ये. बोका मांडीवर असल्याबिगर दंड पुढं करत न्हाईत. एक दिस त्यो बाहेर गेल्ता, तर ह्ये दुपारपत्तोर तसंच बसून ऱ्हायले. नगरचे डॉक्टर म्हनाले, आनखी उशीर केला असता तर पायावर गेलं असतं. तवा वन्सं, तुमचं जनावर हाय, मी न्हाई म्हननारी कोन. पर त्याला एकल्याला नेऊ नका. न्यायचंच असंल तर दोघांनाबी न्या, पथ्य समदं मी लिवून दीन. मी हितं चार दिस साखर घालून च्या पिईन.